शाळेच्या उंबरठ्याअलीकडे

आपल्या मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी काही सुशिक्षित कुटुंबे अलीकडच्या वर्षांत मुंबई-पुण्यात, बंगळुरात आणि आपल्या गोव्यातही आढळू लागली आहेत. त्यांची संख्या अल्प आहे. वाड्यावर असे एखादेच घर असते आणि सारा वाडा त्याची चर्चा करतो, यावरूनच ते किती विरळा आहे हे समजावे. कल्पना मात्र गोव्याला अगदीच परकी नाही. राहुल आल्वारिस या गोमंतकीय मुलाने दहावीनंतर एक वर्ष शाळा-कॉलेजाला रजा देऊन ते साप, मासे आणि गांडुळे यांच्या सहवासात घालविले व त्या वर्षाची हकीकत ‘फ्री फ्रॉम स्कूल’ या पुस्तकात लिहिली. म्हापशाच्या अदर इंडिया प्रेसने १९९९ साली ते प्रसिद्ध केले. काटेकोर अर्थाने हे गृहशिक्षण नव्हे, कारण दहावीपर्यंतची शाळा झालेली होतीच. परंतु शाळेवाचूनही माणूस शिकतो हा विचार त्यात एका सोळा वर्षांच्या मुलाच्या लेखणीतून आला होता. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षकाने १९७७ पासून याच विचाराचे नियतकालिक चालविले आणि १९९३ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत घरी शिकविणे कायदेशीर ठरले.

अशा घराविषयी शेजारीपाजारी दोन आक्षेप घेतात. पहिला उघडपणे घेतला जातो: मूल चारचौघांत मिसळायचे कसे शिकणार? दुसरा हलक्या आवाजात, बहुधा आजीच्या किंवा आत्याच्या तोंडून येतो. आईच्या पदराला धरून वाढलेला मुलगा बायकी होईल, भावांबरोबर एकटीच वाढलेली मुलगी पुरुषी होईल; मुलग्याला मुलगे आणि मुलीला मुली भेटल्या नाहीत तर आपण कोण हे त्यांना कळणार कसे? पहिल्या आक्षेपावर विपुल लिहिले गेले आहे. आमच्या मते पालकांच्या मनात खरी भीती दुसऱ्याचीच असते. आणि ती उच्चारली जात नाही म्हणून तिला कोणी उत्तरही देत नाही. शाळेत न घालणाऱ्या पालकांचा दावा याच्या अगदी उलट असतो. शाळा मुलांना मुलगेपणाच्या व मुलीपणाच्या साच्यात दाबून बसविते, घरी राहिले तर ती मोकळी वाढतील, असे ते म्हणतात. दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी ठाम आहेत. तेव्हा या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांना काय दिसले, ते आधी पाहू.

मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणून साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच ओळखू लागते, म्हणजे बालवाडीची पायरी चढण्यापूर्वीच. शाळेत जे घडते ते त्यानंतरचे. एलिनॉर मॅकोबी आणि कॅरोल जॅकलिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत साडेचार वर्षांची मुले आपल्याच लिंगाच्या सवंगड्यांबरोबर इतरांच्या तिप्पट वेळ खेळताना आढळली. तीच साडेसहा वर्षांची झाली तेव्हा हे प्रमाण अकरापट झाले होते. कोणी शिक्षक त्यांना वेगळे बसवीत होता म्हणून हे घडले नाही; मुलेच मुलांना निवडीत होती. पुढे २००१ साली कॅरोल मार्टिन आणि रिचर्ड फेब्स यांनी बालवाडीतल्या मुलांवर शालेय वर्षभर नजर ठेवली, तेव्हा जी मुले आपल्याच गटात अधिक वेळ काढतात त्यांच्यात वर्षअखेर त्या गटाच्या रीती अधिक मुरलेल्या दिसल्या. मुलगे अधिक दांडगे झाले, मुली मोठ्या माणसांच्या अधिक जवळ राहू लागल्या. औषधाच्या मात्रेची उपमा त्यांनीच दिली आहे, आणि ती समर्पक आहे.

पण हे सर्व निसर्गाचेच काम असे म्हणून हात झटकता येत नाहीत. बॅरी थॉर्न या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्निया व मिशिगनमधील दोन प्राथमिक शाळांत बसून मुलांचे निरीक्षण केले आणि १९९३ साली ते पुस्तकरूपाने मांडले. त्यांना असे दिसले की, जी मुले शाळेच्या मैदानात एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत, तीच घराशेजारच्या गल्लीत एकत्र खेळतात. शाळेत गर्दी असते, एकाच वयाची पुष्कळ मुले असतात, त्यामुळे निवडीला वाव असतो आणि कोण कोणाशी बोलतो हे पाहून चिडविणारे शंभर डोळे असतात. गल्लीत निवडीला वावच नसतो. लगोरीला सात गडी हवे असतील तर शेजारची मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि पलीकडची शेंबडी पोर असे सगळेच घ्यावे लागतात. आपल्या वाड्यांवर वाढलेल्या कोणत्याही वाचकाला हे सांगायला अमेरिकन विदुषी नको. तथापि आपल्या आठवणीला शास्त्राचा दुजोरा मिळाला हे बरेच झाले.

शिक्षकाच्या साध्या सवयींनीही केवढा फरक पडतो ते लेसी हिलियर्ड व लिन लिबेन यांनी २०१० साली दाखविले. काही बालवर्गांत शिक्षकांनी मुलगे आणि मुली असा भेद केवळ बोलण्यात व रांगांत ठेवायचा होता: ‘मुलांनो आणि मुलींनो’ अशी हाक, वेगळ्या रांगा, वेगळे फलक. मुलगे शूर किंवा मुली नाजूक असे काहीही शिकवायचे नव्हते. अवघ्या दोन आठवड्यांत त्या वर्गांतील मुलांच्या ठराविक समजुती वाढल्या आणि परस्परांशी खेळणे कमी झाले. उलट टोकाचा अनुभव स्वीडनमधला आहे. तेथे असा भेद कटाक्षाने टाळणाऱ्या बालवाडीतील मुलांविषयी २०१७ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात ती मुलेही कोण मुलगा व कोण मुलगी हे इतरांइतकेच टिपत होती. मात्र अनोळखी मूल दुसऱ्या लिंगाचे असले तरी त्याच्याशी खेळायला ती अधिक राजी होती. भेद दिसणे आणि भेद पाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या चिमुरड्यांना कळत होते.

आता आपल्या शाळांकडे वळू. प्रार्थनेच्या रांगा वेगळ्या, बाके वेगळी, हजेरीपटावर आधी मुलगे आणि मग मुली. स्नेहसंमेलन आले की मुलींनी रांगोळी काढायची व पाहुण्यांना ओवाळायचे, मुलग्यांनी बाके उचलायची. आणि दंगा करणाऱ्या मुलाला दिली जाणारी ती पिढीजात शिक्षा: ‘जा, मुलींमध्ये जाऊन बस!’ मुलींच्या शेजारी बसणे ही बेअब्रू आहे, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसतो. पण तो मुलगाही विसरत नाही आणि ज्यांच्या शेजारी त्याला बसविले त्या मुलीही विसरत नाहीत. ज्या गोमंतभूमीने मंगेशीच्या दीनानाथांना दिले आणि ज्या रसिकांनी त्यांची ‘भावबंधना’तील लतिका डोक्यावर घेतली, त्याच समाजाच्या शाळेत आज एखाद्या मुलाने नाटकात लुगडे नेसले तर त्याला वर्षभर टोपणनाव चिकटते. नाट्यगृहात चालते ते वर्गात का चालत नाही, याचा खुलासा आम्हांला तरी देता येत नाही.

एवढे वाचून गृहशिक्षणवादी पालक खूष होतील. त्यांनी थोडे थांबावे. सँड्रा बेम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपली मुले या साच्यांपासून जाणीवपूर्वक दूर ठेवून वाढविली. मुलगा-मुलगी हा फरक शरीराचा आहे, कपड्यांचा व कामांचा नव्हे, असे त्यांनी मुलाला शिकविले होते. हा मुलगा एके दिवशी केसांना क्लिपा लावून बालवाडीत गेला. एक सवंगडी त्याला मुलगीच म्हणू लागला, कारण क्लिपा मुली लावतात. बराच वाद झाल्यावर आईच्या शिकवणीला स्मरून त्याने चड्डी खाली करून सरळ पुरावा सादर केला. सवंगड्यावर काडीचाही परिणाम झाला नाही. तो तर सगळ्यांनाच असतो, क्लिपा मात्र मुलीच लावतात, असे त्याने बजाविले. बेमबाईंनी स्वतःच ही हकीकत १९८३ साली छापली आहे. हसू येते खरे, पण चार वर्षांच्या मुलांच्या जगात प्रमाण कशाला मानतात हे तिच्यात स्वच्छ दिसते. घर जे शिकवते त्यावर दारचे जग अशी फुली मारते. आणि घरी शिकणारे मूलही आज ना उद्या त्या जगात जाणारच असते.

येथे एक भेद करणे अवश्य आहे, कारण तो न केल्यानेच या विषयात पुष्कळ गोंधळ माजतो. मुलाने कशाशी खेळावे, कसे बोलावे, रडावे की नाही, या झाल्या वागण्याच्या रीती. त्या सवंगड्यांकडून आणि वडीलधाऱ्यांकडून उचलल्या जातात. आपण मुलगा आहोत की मुलगी ही आतली ओळख मात्र निराळी वस्तू आहे. ती संगतीने घडविता येते असे गेल्या शतकात काही मोठ्या डॉक्टरांना वाटे. कॅनडातील विनिपेग येथे १९६५ साली जन्मलेल्या डेव्हिड रायमर या मुलाच्या शरीराला तान्हेपणी एका शस्त्रक्रियेत कायमची इजा झाली. बाल्टिमोरचे जॉन मनी यांच्या सल्ल्याने आईवडिलांनी त्याला मुलीचे नाव देऊन मुलगी म्हणून वाढविले. फ्रॉक, बाहुल्या, मुलींची संगत, सर्व काही झाले. मूल त्यात कधीच रमले नाही. शाळासोबत्यांनी त्याची हेटाळणी केली ती वेगळीच. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी खरी हकीकत कळताच तो मुलगा म्हणून जगू लागला. हा प्रयोग यशस्वी झाला असे वैद्यकीय ग्रंथांतून वर्षानुवर्षे सांगितले जात होते, तो फसल्याचे १९९७ मध्ये उघड झाले. रायमरने २००४ साली आत्महत्या केली. एका मुलावरून सिद्धांत बांधू नये हे खरे; परंतु संगतीने मुलगा बायकी ‘होतो’ म्हणून धास्तावणाऱ्या आजींना आणि घरच्या शिकवणुकीने मूल हवे तसे घडविता येईल अशा भ्रमात असणाऱ्या पालकांना, दोघांनाही ही हकीकत ठाऊक असावी.

घराकडे वळायचे तर आपल्याच इतिहासात शाळेची पायरी न चढलेल्या एका मुलीचे उदाहरण आहे, आणि तेही असे की जॉन होल्टच्या अनुयायांना हेवा वाटावा. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरला. समाजाचा विरोध झाला तेव्हा त्यांनी सह्याद्रीतील गंगामूळ येथे रानात बिऱ्हाड केले. तेथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. पुढे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडत राहिले आणि त्या भटकंतीत आईने मुलीला भागवत मुखोद्गत करविले. थोरल्या मुलीचे लग्न रीतीप्रमाणे बालपणी लावले गेले होते आणि त्याचा परिणाम दुःखाचा झाला. धाकटीच्या बाबतीत शास्त्रीबुवांनी ती रीत पाळली नाही. एका गावी फार काळ मुक्काम नाही, त्यामुळे समवयस्क मैत्रिणींचा स्थिर मेळा नाही, नवऱ्याच्या नावाने चिडविणाऱ्या सख्या नाहीत, सासरची तालीम देणाऱ्या चुलत्या-आत्या नाहीत. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली वीस वर्षांची ही मुलगी भावाबरोबर कलकत्त्यास पोहोचली तेव्हा तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. चार वर्षांनी पुण्यात हंटर आयोगासमोर साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, मुलींच्या शाळांना स्त्री-तपासनीस हव्यात, असे तिने खणखणीतपणे सांगितले. बाईमाणसाने सभेत बोलू नये हे तिला कोणी वेळेवर शिकविलेच नव्हते.

परंतु ही मोकळीक घराची होती असे म्हणणे चूक ठरेल. ती अनंतशास्त्र्यांची होती, आणि त्यासाठी त्यांना भरले गाव सोडून रानात जावे लागले. भरल्या घरात काय होत असे ते दुसऱ्या रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्याशी १८७३ साली विवाह झाल्यावर रमाबाई रानड्यांचे शिक्षण घरीच, पतीकडून सुरू झाले. घरातील बायकांनी त्यांना जो जाच केला तो ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात वाचावा. शाळेच्या मैदानातील चिडविणारे शंभर डोळे आणि माजघरातील ते आठ-दहा डोळे यांत काम एकच होते. घरालाही आपला सवंगड्यांचा गट असतो. तो फक्त वयाने मोठा असतो आणि त्याच्यापासून सुटायला मधली सुट्टी नसते.

गांधीजींचे उदाहरणही या संदर्भात आठवते. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी आपल्या मुलांना रूढ शाळेत घातले नाही, आणि थोरल्या हरिलालने ते शल्य जन्मभर बाळगले. १९१० साली स्थापन झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर मुलगे व मुली एकत्र शिकत, एकत्र कामे करीत आणि झऱ्यावर एकाच वेळी स्नानाला जात. पुढे एकदा दोन मुलींची छेड काढली गेली. गांधीजी हादरले, रात्रभर विचार केला, मुलग्यांची कानउघाडणी केली, आणि कोणाची वाईट नजर जाऊ नये म्हणून त्या मुलींचे लांब केस स्वतःच्या हाताने कापले. मुली आधी तयार नव्हत्या. ही सर्व हकीकत गांधीजींनी स्वतःच प्रांजळपणे लिहिली आहे. त्यांच्या सद्हेतूविषयी शंका नाही. पण आगळीक मुलग्यांची आणि केस मुलींचे, हा न्याय त्या शाळाविरहित आदर्श वसाहतीतही बाहेरच्यासारखाच झाला. शाळा सोडली म्हणून समाज सुटत नाही.

राहता राहिला त्या थोड्या मुलांचा प्रश्न, ज्यांची आतली ओळख जन्माच्या दाखल्याशी जुळत नाही. आधी एक खुलासा: बाहुलीशी खेळणारा मुलगा अथवा क्रिकेट खेळणारी, केस कापणारी मुलगी म्हणजे असे मूल नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात केवळ वागणे वा आवडीनिवडी यांवरून मुलाविषयी असा निष्कर्ष काढू नये असे स्पष्ट म्हटले आहे; शिवाय ही अवस्था तेथे मनोविकारांच्या यादीतून काढून टाकलेली आहे. आपल्याकडे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले, २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना भेदभाव न करण्याचे बंधन घातले. मात्र अशा मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे हे शिक्षकांना सांगणारी पुस्तिका एनसीईआरटीने २०२१ च्या अखेरीस काढली, आणि बालहक्क आयोगाची नोटीस येताच काही दिवसांत ती संकेतस्थळावरून नाहीशी झाली. शिक्षक पुन्हा होता तेथेच आला. अशा मुलाचा शाळेत छळ होत असेल तर त्याला घरी घेऊन येणाऱ्या आईबापांना दोष देण्याचे धैर्य आमच्यात नाही. पण घरी आणणे म्हणजे लपविणे होऊ लागले, पाहुणे आले की मूल आतल्या खोलीत जाऊ लागले, तर शाळेतला छळ बरा म्हणायची पाळी येते. तेथे निदान एखादा मित्र भेटण्याची शक्यता असते.

कायद्याची स्थिती अशी की, २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्राथमिक शिक्षणासाठी शेजारच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले, मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितली नाही. गृहशिक्षणाचा त्यात ना परवाना आहे ना मनाई. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झालेले मूल शाळेविना देऊ शकते, म्हणून ही कुटुंबे त्या वाटेने जातात. जर्मनीने घरी शिकविण्यास सरळ बंदी केली आहे आणि २००६ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ती मान्यही केली. भिन्न समाजगटांनी एकमेकांपासून तुटून राहू नये, हे तेथील सरकारचे म्हणणे न्यायालयाला पटले. आम्ही त्या बंदीच्या बाजूचे नाही. ज्या राज्यात शाळाच मुलाला ‘मुलींमध्ये जाऊन बस’ अशी शिक्षा देते तेथे पालकांना ती नाकारण्याचा अधिकार असावा.

परंतु या मोकळ्या जागेचा फायदा कोण घेईल याचाही विचार हवा. शेजारी चर्चा करतात तो इंग्रजी बोलणारा, संगणकावर शिकणारा मुलगा असतो. ज्याची चर्चा कोणीच करीत नाही ती मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला, आईबरोबर मासळी विकायला किंवा काजूच्या हंगामात बागायतीत जायला म्हणून घरी राहते. ‘घरी शिकते’ हे उत्तर उद्या तिच्या बाबतीतही देता येईल. म्हणून गृहशिक्षण मान्य करायचे असेल तर शिक्षण खात्याने अशा मुलांची नोंद ठेवावी, वर्षातून दोनदा कोणीतरी, शक्य तर बाई अधिकाऱ्याने, मुलाला प्रत्यक्ष भेटावे आणि परीक्षेतल्या गुणांपेक्षा दोन साधे प्रश्न विचारावेत: सकाळी अकरा वाजता तू काय करीत असतेस, आणि काल तू कोणाशी खेळलीस? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात घराबाहेरचे, निरनिराळ्या वयांचे, मुलगे आणि मुली मिळून तीन-चार जण आले तर त्या घराची काळजी करण्याचे कारण नाही. गावचे वाचनालय, भजनी मंडळाचे वर्ग, फुटबॉलचे मैदान ही ठिकाणे त्या मुलांना खुली असावीत. शाळेच्या पटावर नाव नाही म्हणून क्रीडास्पर्धेतून त्यांना परत पाठवू नये.

शाळांना तर आजच काही करता येईल. हजेरीपट एकच, आद्याक्षरांच्या क्रमाने असावा. प्रार्थनेची रांग उंचीप्रमाणे लावावी. बाके उचलायला आणि रांगोळी काढायला दोन्हीकडची मुले घ्यावीत. मुलीशेजारी बसविणे ही शिक्षा कोणत्याही शिक्षकाने देऊ नये, दिल्यास मुख्याध्यापकांनी जाब विचारावा. शिक्षण खात्याच्या एका परिपत्रकाचे हे काम आहे आणि त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.